दुकानदाराचे मत

बी.एड. होऊन बारा वर्षे झाली, हिंगणघाट तालुक्यातल्या उर्दू शाळेत शिकवते. पण माझा 'ळ' अजूनही डळमळतो. वर्ध्यातले पुस्तकवाले काका तो ऐकून हसतात. जिल्हा परिषदेचे किंवा प्रशिक्षणाचे काम आटोपले की एस.टी.आधी मी त्यांच्या अरुंद गाळ्यात शिरतेच. ते मला मॅडम म्हणतात आणि प्रत्येक पुस्तकाबद्दलचे आपले मत न विचारता सांगतात.

नंदा खरे यांच्या 'उद्या'ला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो नाकारला. काकांना त्यांचा अभिमान. "पन घेतला असता तर माझ्या चार प्रती जास्त गेल्या असत्या जी," हेही लगेच. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'वर मत एवढेच : "धरणानं उठवलेल्या मानसाचं दुःख म्हशीकडून कळते." सदानंद देशमुखांची 'बारोमास' मात्र इथे खपत नाही म्हणतात. "ज्याच्या घरी घडलं, तो पैसे देऊन पुन्हा काहून वाचंल?" हे मला पटले नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचतात. ती कादंबरी वाचल्यावर त्या मुलींच्या दिवाळीआधीच्या गैरहजेरीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आत्मचरित्रांसाठी काकांचा एक कायदा आहे. लिहिणाऱ्याने स्वतःची एकही चूक कबूल केली नसेल, तर पुस्तक मागच्या फळीवर. बरेच पुढारी तिथेच धूळ खात आहेत. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' पुढे, मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' त्याच्या शेजारी.

गेल्या पावसाळ्यात ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांची पुस्तकं म्हंजे तलाक नाहीतर दंगल. साधं जगत नाही का कोनी?"

राग आला. मी म्हटले, मल्लिकाबाईंचे पुस्तक नामदेव ढसाळांबरोबरच्या संसाराचे आहे, त्यात तुम्हाला कुठला तलाक आणि कुठली दंगल दिसली? काका वरमले. मग त्याच रागात मी रहमान अब्बास यांच्या 'रोहज़िन'चे नाव घेतले. चिपळूणकडचा लेखक, 2018 चा उर्दूसाठीचा अकादमी पुरस्कार. काकांनी नाव ऐकलेले नव्हते. तेव्हा उभ्याउभ्या गोष्ट सांगितली. कोकणातला असरार मुंबईत येतो, हिनावर जीव जडतो. दोघे मरणार हे सुरुवातीलाच कळते, आणि 26 जुलै 2005 च्या पुराचे पाणी चढू लागते. मराठीत सांगताना शब्द अडत होते. मस्जिद बंदरच्या गल्ल्या, चाळी, समुद्र हे सगळे मराठी मुलखातलेच. तरी मला ते जणू परदेशातून आणून दाखवावे लागत होते.

"आमाले कोनी सांगितलंच नाही," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

"आता विचारून राहिलो ना जी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बारा वर्षांत त्यांच्याकडून ऐकलेली मते मी स्टाफरूममध्ये उर्दूतून सांगत आले होते. उर्दूतले एक पुस्तक मात्र या दुकानात सांगावे, असे कधी सुचलेच नाही. ते लोक कशाला ऐकतील, असे मनाशी धरून बसले होते. आपल्यापैकी बरेच जण तसेच धरून बसतात.

काकांनी बिलाचा कागद उलटा करून पुढे सरकवला. मी देवनागरीत नाव लिहिले. "तुमच्याही अक्षरात लिहा." तेही लिहिले.

परवा गेले तर कागद काउंटरच्या काचेखाली होता. "दोघांनी विचारलं, हे काय लिहिलं हाय म्हून. कादंबरी हाय, इतकं सांगितलं. त्या पोराचं मुंबईत आल्यावर काय झालं म्हनालात, ते मी इसरलो."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतले. साडेपाचची एस.टी. गेली.