सुंभ आणि पीळ

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. दोर मात्र कधी वळला नव्हता. नेसरीला बांधावरच्या घायपाताची पाने ठेचली, गर खरवडला, वाख वाळवला. (सुंभ खरा काथ्याचा, आणि घायपात मूळचे मेक्सिकोकडचे, पण पिळाला जात नसते.) रसाने हात दिवसभर खाजले. मग मांडीवर दोन पदर एकाच दिशेने पिळून ते एकमेकांवर उलट दिशेने वळले. प्रत्येक पदर उलगडू पाहतो आणि त्याच ओढीने दुसऱ्याला आवळतो. याला हेकेखोरपणा म्हणावा, तर त्याच्याच जोरावर दोर टिकतो. आम्ही तर म्हणीचा अर्थ नुसता ताठा असाच सांगत आलो! वीतभर तुकडा जाळून पाहिला. राखेतही पीळ स्वच्छ दिसत होता, बोट लागेपर्यंत.