उपटणी

अण्णा गेले आणि पाठोपाठ आमच्या रानातून ज्वारीही गेली. पावसाळ्यात सोयाबीन, त्यावर हरभरा, हे आता लातूर-धाराशिवकडच्या बहुतेक काळ्या रानांचं ठरून गेलंय. भाऊही तेच करतो, आणि त्याला मी बोल लावत नाही. सोयाबीन, हरभरा यंत्रानं निघतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हातानं उपटावा लागतो.

ती उपटणी ज्यानं केली त्यालाच ठाऊक. माघ-फाल्गुनात भल्या पहाटे, पाती दवानं मऊ असताना रानात शिरायचं. उन्हं चढली की तीच पाती कापायला लागतात. अण्णा वाकून दोन-तीन ताटं बुडाशी मुठीत धरायचे, हिसका द्यायचे, की ती मुळासकट वर. मुळ्यांची माती पायावर आपटून झाडायची, पुढची ताटं धरायची. भेगाळल्या जमिनीनं धरून ठेवलेलं ते पीक सोडवता सोडवता तळहातांना फोड यायचे. रात्री अण्णांना भाकरी मोडवत नसे.

मागून बाया कणसं मोडत यायच्या. त्यांची मजुरी धान्यातच. ज्यांना गुंठाभर रान नव्हतं, त्यांच्याही कणगीत त्यामुळे ज्वारी पडायची. आता ते राहिलं नाही, हेच मला सगळ्यात जास्त सलतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ साल जगानं भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, याचा आनंद आहेच. पण ती कणगी त्यानं भरत नाही.

मालदांडी ज्वारीचा कडबा उंच, गोडसर. परतीचा पाऊस बरा झाला की नुसत्या ओलीवर माणसाची भाकरी आणि जनावराची वैरण, दोन्ही पिकायचं. आता कडबा नाही म्हणून बैल विकले, आणि बैल नाहीत म्हणून कडब्याची गरज उरली नाही.

येळवस मात्र चुकत नाही. मार्गशीर्ष अमावस्येला सगळी शिवारात जातो. आंबील, भज्जी, उंडे, सगळं असतं. कडब्याच्या खोपीला, म्हणजे कोपाला, लागणाऱ्या पेंढ्या तेवढ्या विकत आणतो. यंदा कोपाशी बसून भावाला म्हटलं, "बांधाकडेला दोन गुंठे तरी पेर की रे."

तो म्हणाला, "पेरली असती दादा. पण आसपास कुणाचीच नाही. हुरड्यात आली की साऱ्या शिवाराची पाखरं त्या दोन गुंठ्यांवर उतरतील. राखण करायला अण्णा कुठाहेत?"