एक मिलिलिटर रक्त

नवजात बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. दीड किलोचं बाळ असेल तर सगळं मिळून चहाचा एक कप. त्यातलं एक मिलिलिटर आम्ही ब्लड कल्चरसाठी मागतो आणि रेसिडेंट डॉक्टर बऱ्याचदा अर्धंच पाठवतात. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. त्या मनगटात शीर शोधताना काय होतं ते मी उभं राहून पाहिलं आहे. पण लहान मुलांमधले कोणते जंतू कोणत्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत, यावर नजर ठेवणं हे माझं काम आहे आणि ते सगळं त्या एका मिलिलिटरपासून सुरू होतं.

बाटली यंत्रात ठेवली की जंतू वाढू लागतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र वाजतं. खरा संसर्ग असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दीड दिवसातच. मग थेंब काचपट्टीवर, ग्रॅम स्टेन आणि लगेच एनआयसीयूला, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाला, फोन. जंतूचं नाव आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात. बाळाला तेवढं थांबता येत नाही. म्हणून पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो. तो अंदाज ज्या तक्त्यावरून बांधायचा, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. तो मी काढते.

तक्ता काढणं म्हणजे बेरीज करणं, असं प्रशासनाला वाटतं. खरं काम वजाबाकीचं आहे. एका बाळाचा एकच जंतू वर्षातून एकदाच धरायचा. कारण जो जंतू औषधाला हटत नाही त्याचं कल्चर पुन्हा पुन्हा येतं, आणि प्रत्येक वेळी मोजलं तर प्रतिरोधाची टक्केवारी उगाच फुगते. सुई टोचताना त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस बाटलीत उतरतात, ते वेगळे काढायचे. एखाद्या जंतूचे तीसपेक्षा कमी नमुने असतील तर टक्केवारी छापायचीच नाही. आणि कोलिस्टिनची चकती आगरावर ठेवून वर्तुळ मोजायचं नाही: त्याचा रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरत नाही, उत्तर फसवं येतं. शेवटच्या फळीतल्या औषधाबद्दल फसवं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता ज्या आकड्यांनी आमच्या क्षेत्राची झोप उडवली त्यांच्याकडे येते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात, तिथेच जन्मून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. सापडलेल्या जंतूंत अ‍ॅसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेब्सिएला १७, ई. कोलाय १४. अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक गटांतल्या औषधांना दाद न देणारे. वर्तमानपत्रांनी हा ८२ उचलला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सेप्सिसच्या, म्हणजे अंगभर पसरलेल्या गंभीर संसर्गाच्या, जवळपास दोन तृतीयांश घटना जन्मानंतरच्या ७२ तासांतल्या होत्या आणि त्या लवकरच्या संसर्गातले जंतू उशिराच्या संसर्गातल्यांपेक्षा वेगळे नव्हते. आम्ही पुस्तकात शिकलो ते असं, की पहिल्या तीन दिवसांतला जंतू सहसा आईकडून येतो आणि नंतरचा वॉर्डातून. पण अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही प्रसूतिमार्गात नेहमी राहणारी जात नव्हे. तो कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकतो: वॉर्मरच्या कडेला, सक्शनच्या नळीत, अँबू बॅगेवर, आणि हातांवर. म्हणजे बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच रुग्णालयाने त्याला गाठलं, असा मी याचा अर्थ लावते. त्यावरचा उपाय नव्या औषधापेक्षा बेसिनच्या नळाशी आणि सिस्टरांच्या संख्येशी जास्त जोडलेला आहे. एका सिस्टरकडे आठ बाळं असतील तर हात धुण्याचं पोस्टर भिंतीवर लावून काय होणार?

याच देशातलं दुसरं टोक गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना घरोघरी नवजात बाळं तपासायला शिकवलं. निदान लक्षणांवरून. औषधं दोनच आणि जुनीच: जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्झाझोल. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तो काळ वेगळा होता, हे खरं. आज तिथे काय चालेल हे आज तिथेच तपासावं लागेल. पण दिल्लीचा तक्ता घेऊन गावातलं औषध ठरवायला निघालेल्या माणसाला मी थांबवीन. आमचा तक्ताही तसा वापरता येत नाही: आमच्याकडे बाहेरून आलेलं बाळ बऱ्याचदा वाटेत दोन ठिकाणी इंजेक्शनं घेऊन आलेलं असतं. सोप्या औषधाने जी बरी झाली ती आमच्यापर्यंत आलीच नाहीत. आमच्या बाटलीत उरतात ते हट्टी जंतू. ती टक्केवारी राज्याची म्हणून सांगितली, की तालुक्याचा डॉक्टर घाबरून पहिल्याच दिवशी मेरोपेनेम लिहितो. नातेवाईकही ‘भारीतलं द्या’ म्हणत असतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत वाटणी केली, मेरोपेनेमला जपून वापरायच्या गटात ठेवलं; आमच्या बोलण्यात मात्र ते अजून नुसतं ‘हायर अँटिबायोटिक’ आहे, म्हणजे जणू वरच्या इयत्तेतलं, अधिक हुशार.

म्हणून मी तक्ता दोन कागदांवर काढते. एकावर आमच्याकडे जन्मलेली बाळं, दुसऱ्यावर बाहेरून आलेली. दुसऱ्या कागदाची अडचण अशी, की रेफरल चिठ्ठीवर ‘इंज. अँटिबायोटिक दिले’ एवढंच असतं. कोणतं, किती डोस, कल्चर आधी की नंतर, काही नाही. मग मी पाठवणाऱ्या दवाखान्याला फोन लावते. पलीकडचा आवाज आधी सावध होतो: “मॅडम, काही तक्रार आहे का?” तक्रार नाही, फक्त औषधाचं नाव हवंय, असं सांगितलं की बरेच जण सांगतात. काही जण म्हणतात, सिस्टरना विचारून कळवतो. आणि कळवतातही.