रिक्तिकेतली साखर

भंडारदऱ्याहून निघालो तेव्हा धुकं होतं. संगमनेर मागे पडलं आणि उन्हाचा चटका जाणवू लागला. ढग अकोले तालुक्याच्या डोंगरातच रिते होतात. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग पाऊस मोजून घेतो. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण प्रवरेला अडवतं आणि कालवे ते पाणी खाली आणतात. लोणी जवळ आली तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस.

इथल्याच विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं. जमवलेला एकेक रुपया त्या घरांना किती जड गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग होती. हवेत मळीचा आंबूस वास. एका गाडीवानाला विचारलं, "एवढी घाई कशाची?"

"तुटलेला ऊस थांबला की साखरेचा उतारा पडतो, दादा."

त्याचं म्हणणं पेशीत शिरून पाहावं असं आहे. तोडलेलं कांडं मेलेलं नसतं. त्याच्या पेशींतल्या तंतुकणिका श्वसन करतच राहतात, साखर जळत राहते. विकरं उरलेल्या साखरेची फोड करतात, आणि फुटलेल्या साखरेचे दाणे धरत नाहीत.

पानातली हरितलवकं ऊन धरतात, तिथल्या पेशीद्रवात साखर घडते, रसवाहिन्यांतून ती कांड्यात उतरते. साठते कुठे? रिक्तिकेत. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ती एक मोकळी पिशवी दिसते, नावही रिकामेपणाचं. पण पिकलेल्या कांड्यात पेशीची बहुतेक जागा हीच पिशवी व्यापते, केंद्रकाला कडेला सारून. त्या चेपलेल्या केंद्रकात शंभरावर गुणसूत्रं असतात, माणसात 46. जाड आणि रानटी उसांचा कोइमतूरला घडवलेला संकर आजच्या वाणांमागे आहे, त्याची ही खूण.

गव्हाणीतून ऊस आत गेला. आधी सुऱ्या, मग लाटा: पेशीभित्तिका फाटतात, रिक्तिका फुटतात, रस वाहतो. भित्तिकांचा चोथा, म्हणजे चिपाड, बॉयलरमध्ये जाऊन त्याच रसाला आटवतो. शंभर किलो उसामागे हाती येते दहा-अकरा किलो साखर.

निघताना गाडीवानाने एक कांडं सोलून हातावर ठेवलं. दाताखाली ते करकरलं, आणि भंडारदऱ्याचं पाणी गोड होऊन घशाखाली उतरलं.