घरचा पत्ता

जुरोंग आयलंडवर रोज सकाळी कामाला जाताना चौकीवर पास दाखवावा लागतो. सात छोटी बेटं भराव टाकून एक केली, १९९९ साली ती रस्त्याने सिंगापूरला जोडली आणि २००१ पासून पासाशिवाय आत प्रवेश नाही. गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ही चौकी मला वेगळ्याच ठिकाणी भेटली.

आमच्या प्लांटमध्ये पाळी बदलताना वहीत नोंद होते: कुठला पंप बंद आहे, कुठला व्हॉल्व्ह काढलाय. वरवर कारकुनी काम. पण ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली, त्याच्या मुळाशी असाच एक न पोचलेला निरोप होता. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे रात्रपाळीला कळलंच नव्हतं आणि त्यांनी तोच पंप सुरू केला.

म्हणून वहीच्या जोडीला एक छोटा प्रोग्रॅम करायचं ठरलं. आमच्याकडच्या सोलापूरच्या एका मुलाने तो लिहिला. सकाळी आठला पाळीवाल्यांना दाखवायचा होता आणि आदल्या संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर पानच उघडेना.

"तुझा प्रोग्रॅमच कच्चा आहे," मी म्हणालो. तो गप्प बसला. कंपनीची बस सोडून माझ्याबरोबर थांबला.

मग एकेक पायरी तपासली. प्रोग्रॅम चालू होता, ५००० नंबरच्या पोर्टवर. पत्त्याला मी हौसेने 'पाळी.टेस्ट' असं नाव दिलं होतं. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये त्यापुढे १२७.०.०.१ लिहिलं होतं, म्हणजे 'मी स्वतःच'. पिंग केलं, उत्तर आलं. कमांड लाइनवरून कर्लने पान मागवलं, तेही अख्खं आलं. म्हणजे प्रोग्रॅम ठणठणीत होता, अडत होता तो फक्त ब्राउझर.

"सर, ही चूक ब्राउझरने लिहिलेली नाही," मुलगा हळूच म्हणाला. "प्रॉक्सीने लिहिलीय."

खरंच की! ऑफिसचा ब्राउझर प्रत्येक मागणी आधी प्रॉक्सीकडे पाठवतो. 'लोकलहोस्ट' या नावाला त्यातून सूट आहे, माझ्या हौशी नावाला नव्हती. प्रॉक्सी काही माझी होस्ट्स फाइल वाचत नाही. त्यातून '.टेस्ट' हे शेपूट १९९९ पासून चाचणीसाठीच राखून ठेवलंय, तेव्हा बाहेर त्या नावाचं कुणी सापडणारच नव्हतं. आपल्याच स्वयंपाकघरातलं मीठ हवं होतं आणि आम्ही चौकीवर रांगेत उभे होतो!

प्रॉक्सीच्या सेटिंगमधल्या सूट दिलेल्या नावांच्या यादीत 'पाळी.टेस्ट' घातलं. पान झटक्यात उघडलं.

दोन तासांत मी चूकदर्शक पानावरची ती दोन ओळींची सूचना एकदाही नीट वाचली नव्हती. दोष कुणाचा, हे मात्र मी पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकलं होतं.

"अरे, नाव मी दिलं, चूकही माझीच. तुला उगाच बोललो."

"असू दे सर. पहिली नोंद कुठली टाकू?"

ती मीच टाकली: काय अडलं, कुणामुळे अडलं, कसं सुटलं. खाली माझं नाव लिहिलं. सकाळी पाळीवाल्यांनी सगळ्यात आधी तेच वाचलं.