माहेरी कुणी लॉजवर राहतं का?

‘‘रत्नागिरीला जाऊन लॉजवर राहायचं? लोक काय म्हणतील?’’

आईची ही पहिली रिअॅक्शन. मी तिला तीन रात्रींचा फुल टू प्लॅन ऐकवला होता. समुद्राजवळची रूम, किल्ला, थिबा पॅलेस, मासे, गणपतीपुळे. फ्रीलान्सरच्या खिशाला झेपेल असं बजेटही बसवलं होतं. आणि बाईसाहेबांचा प्रॉब्लेम काय, तर लॉज!

प्रॉब्लेम लॉजचा नाही, हे मलाही कळत होतं. रत्नागिरी हे आईचं माहेर. मांडवीच्या वाटेवर आजोळचं कौलारू घर होतं, मागे विहीर आणि दोन माड. दोन वर्षांपूर्वी मामाने ते विकलं. त्याचं तरी काय चुकलं? तो पुण्यात, आणि घर दर पावसाळ्यात गळायचं. आईने हक्कसोडपत्रावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. माझी तेव्हा डेडलाइन होती, त्यामुळे ती एकटीच गेली होती. त्यानंतर तिने रत्नागिरीचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. आपण बिझी असतो ना!

आपल्यासाठी सुट्टी म्हणजे बुकिंग. आईच्या पिढीतले लोक फिरायला जात नसत, कुणाकडे तरी जात. आता ते ‘कुणाकडे’च उरलं नाही, तर जायचं कशाला, असा तिचा सरळ हिशेब. शेवटी मी तिकिटं काढून तिच्या हातात ठेवली. पैसे फुकट जाणार म्हटल्यावर कुठलीही आई तयार होते.

नोव्हेंबरातली मांडवी एक्स्प्रेस. चिपळूण गेलं आणि आई सावरून बसली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तशी म्हणाली, ‘‘बॅगा काढ, आलंच.’’ कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला १९९८ मध्ये. त्याआधी लग्न होऊन ती मुंबईला गेली ती एसटीच्या लाल डब्यातून, पूर्ण रस्ता उलट्या करत. हा किस्सा मी शंभरदा ऐकलाय. या वेळी तिने तो सांगितला नाही.

लॉजच्या काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर पुढे केलं. ‘‘कुठून आलात?’’ आईने खाली बघत उत्तर दिलं, ‘‘मुंबई.’’

पहिली संध्याकाळ मांडवीच्या जेट्टीवर. इथली वाळू काळी, म्हणून हा काळा समुद्र. आणि किल्ल्यापलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. ही नावं मला आईने सांगितली, तीही मी विचारल्यावर. रात्री जेवणात सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. मी वाटीवर वाट्या रिचवल्या. आईने सोलकढीत आमसुलं कमी पडल्याचा निकाल दिला. म्हटलं चला, बोलायला तर लागली.

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस. (सरकारी संग्रहालय आहे, त्यामुळे सोमवार टाळा.) अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) मी कॉलेजात असताना वाचली होती, तेव्हापासून हा राजवाडा माझ्या लिस्टवर होता. आणि आई? आयुष्याची पहिली बावीस वर्षं या गावात काढून एकदाही आत गेलेली नाही! ‘‘बाहेरून दिसायचा की. आत कशाला जायचं?’’

आत मात्र ती प्रत्येक पाटीपुढे थांबली. म्हणून मग मीही माझा ज्ञानसाठा उघडला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये, तोवर त्याची वीसहून जास्त वर्षं दुसऱ्या घरांत गेली होती. इथे राहिला फक्त सहा वर्षं. १९१६ मध्ये इथेच वारला. समाधीही इथेच आहे. १९१९ मध्ये कुटुंबाला मायदेशी जायची परवानगी मिळाली. पण थोरली राजकन्या मात्र परत रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली, इथेच गेली.

‘‘ती का आली परत?’’ आईने विचारलं.

‘‘इथल्याच माणसावर प्रेम होतं. फिल्मी स्टोरी आहे एकदम. पण जन्म मंडालेचा, बरं का.’’

‘‘असू दे. वाढली इथे ना? मग माहेर इथलंच.’’

एवढं बोलून ती पुढच्या दालनात गेली.

तिथून जवळच थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल, माडांच्या रांगा. संध्याकाळी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, एका टोकाला भगवतीचं देऊळ, दुसरीकडे दीपगृह आणि तिन्ही बाजूंना समुद्र. आईने देवीची ओटी भरली. नंतर तटावर बसून मला खालची एकेक जागा दाखवत होती. मी गाइडचे पैसे वाचवले म्हणाले, तर हसली. त्या ट्रिपमधलं पहिलं हसू.

तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, पण घाटाच्या वळणावरून खाली समुद्र दिसला की गाडी थांबवावीच लागते. परत आल्यावर भाट्याच्या सुरूच्या बनात सूर्यास्त बघायचा, असा प्लॅन होता. रिक्षात बसताना आई अचानक म्हणाली, ‘‘आधी घरावरून जाऊ.’’

घर नव्हतंच. पत्रे लावून बांधकाम चालू होतं. एक माड शिल्लक होता. आई रिक्षातून उतरली, पत्र्यांच्या फटीतून बघत राहिली. मी तिच्या मागे उभी. काय बोलायचं, हे मास कॉममध्ये शिकवत नाहीत.

‘‘सही करायला आले तेव्हा किल्ली दुसऱ्याकडे गेली होती,’’ ती म्हणाली. ‘‘मला फक्त एकदा आत जाऊन यायचं होतं. माझं मीच बोलले नाही. म्हटलं, उगाच सगळ्यांना उशीर.’’

दोन वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती. अनोळखी लोकांच्या मुलाखती घेऊन मी पोट भरते, आणि आईला एवढा साधा प्रश्न विचारायला मला रत्नागिरीपर्यंत यावं लागलं. मी सॉरी म्हणाले. ‘‘चल गं,’’ ती म्हणाली, ‘‘तो सूर्य काय आपल्यासाठी थांबणार आहे?’’

भाट्याला आम्ही पोचलो तेव्हा फक्त लाली उरली होती. चप्पल हातात घेऊन आई घोटाभर पाण्यात उभी राहिली. काळोख पडेपर्यंत ती बोलत होती. विहिरीत पडलेली कळशी, आजीचा मार, रात्री अंथरुणात ऐकू येणारी गाज. एसटीतल्या उलट्यांचा किस्साही आला. या वेळी मी मोबाइल बाहेर काढला नाही.

सकाळी चेक-आउट करताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘कशी वाटली आमची रत्नागिरी, काकू?’’

‘‘आमची काय रे?’’ आई म्हणाली. ‘‘माहेर आहे माझं.’’

मग पर्स बंद करता करता तिने विचारलं, ‘‘मे महिन्यात समुद्राकडची खोली मिळेल का? आंब्याला यायचंय.’’