थेंबे थेंबे डिझेल

नांदेडहून लातूरला निघालेली जीप किती वाजता पोचेल, हे खुद्द ड्रायव्हरही सांगत नसे, त्या काळातले आम्ही. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड ही गावं आम्हाला नकाशामुळे पाठ झाली नाहीत, गाडी बंद पडल्यामुळे झाली. महिंद्राची जीप असो, १९८६ साली आलेली टाटा ४०७ असो की तिच्यामागून आलेली २०७ पिकअप, प्रत्येकीची खोड वेगळी. पण म्हातारपणी एका खोडीवर सगळ्यांचं एकमत व्हायचं: डिझेल गळायचं. पाहुण्यांची जीप दिसली की घरातली बाई आधी "तिकडं लांब लावा" म्हणायची आणि मग "या, बसा". सारवलेल्या अंगणात पडलेला डिझेलचा डाग पाहुण्यांपेक्षा जास्त दिवस मुक्काम करायचा.

आता तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला आहे आणि त्यावरून धावणारी नवी पिकअप सहसा गळत नाही. काही बिनसलंच तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर फोन लावतो आणि गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून सर्व्हिस सेंटरला जाते. बॉनेट उघडून कुणी डोकावत नाही, आणि डोकावूही नये. जुन्या गाडीचं नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडायचं. आजच्या कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या पुढे जातो. इतक्या दाबाची केसासारखी बारीक धार कातडी फोडून आत शिरते. तेव्हा 'हात लावू नका' हे आता धोरण नाही, शहाणपण आहे.

आमच्या वेळी मात्र हात लावण्यापासूनच सुरुवात व्हायची. गळती दोन प्रकारची, हे आम्हाला शाळेत नाही, रस्त्यावर कळलं. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं. तिथला नट सैल झाला की थेंब पडतो, वास येतो, चोर सापडतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथे पाईपला चीर गेली तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी नुसती खाकरत बसायची. मिस्त्री म्हणायचा, "हवा धरली." मग तो सगळी लाईन चिंधीने कोरडी करायचा, सांध्यांवर राख नाहीतर पावडर भुरभुरायचा आणि जिथे ती ओली होईल तिथे बोट ठेवायचा. तेवढ्यानेही कळलं नाही तर दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी लाईनमध्ये जोडायचा आणि तिच्यातून बुडबुडे जातात का ते बघायचा. दिसणारी गळती खिशाला लागायची, न दिसणारी प्रवासाला.

आताचा मेकॅनिक स्कॅनर जोडतो. पूर्वीचा मिस्त्री कान लावायचा, हा केबल लावतो. तो अंदाज सांगायचा, हा कोड सांगतो. तो दुरुस्त करायचा, हा बदलून टाकतो. आणि खोटं कशाला बोला, बदललेला भाग बहुधा टिकतो. आमची दुरुस्ती पुढच्या गावापर्यंत टिकली तरी आम्ही मिस्त्रीचं नाव काढायचो. दुकानांच्या पाट्यांवर मात्र जुनं जग अजून रेंगाळतं आहे. 'मायको' कंपनी २००८ साली नावाने 'बॉश' झाली, तरी पंप-नोझलवाल्याकडे आम्ही अजून मायकोचंच नोझल मागतो.

त्या दुरुस्त्यांची शास्त्रं न्यारी होती. टाकी पाझरली की धुण्याच्या साबणाची वडी त्या जागी घासायची. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून बूच बसायचं. पण पावसात विरघळतो, म्हणून मृगाच्या सरीत आधी साबण जायचा आणि मागोमाग डिझेल. पाईपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. तांब्याचा वॉशर आवळून आवळून कडक झालेला असला तर तो लालभडक तापवून पाण्यात टाकायचा; तांबं पुन्हा मऊ होतं आणि सांधा धरतं.

आणि सगळ्यात शेवटी हवा काढणं. याला दोन माणसं लागायची. एकाने फीड पंपावरचा हँडपंप मारायचा, दुसऱ्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बघत राहायचं. आधी फेस, मग फेसात डिझेल, मग नितळ धार. "मार, मार, अजून मार... बस्स!" त्या 'बस्स'ला स्क्रू आवळला की काम फत्ते. मग सतराच्या पान्याने नोझलचे नट ढिले करायचे, सेल्फ मारायचा, एकेक नट आवळत जायचं आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून इंजिन जागं व्हायचं. तोवर अख्खी जीप भोवती गोळा झालेली. नांदेडच्या देगलूर नाक्यावरचा उस्ताद दखनीत तंबी द्यायचा, लातूरकडचा मिस्त्री "इथूनच गळू लालंय की" म्हणून हळहळायचा, आणि इंजिनातलं काही न कळणारे दोघं-तिघं हमखास सल्ला द्यायचे.

आता थांबावं लागलं तरी गोळा व्हावं लागत नाही. वातानुकूलित गाडीत बसून प्रत्येक जण आपापला फोन बघतो आणि दुसरी गाडी येते. वेळेवर पोचतो. बाजूला बसलेला कुठल्या गावचा, हे मात्र उतरेपर्यंत कळत नाही.

पण हा उसासा जरा तपासून घ्यायला हवा. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाकाठी दोनेक लिटर डिझेल मातीत जायचं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो हा लातूर. पाण्याचा थेंब मोजणारा आमचा मुलूख डिझेलचा थेंब मात्र विहिरींच्या कडेने सांडत फिरत होता. त्याच खटारा जिपांतून बाळंतिणी आणि आजारी माणसंही जायची, आणि मिस्त्री हवा काढेपर्यंत रस्त्याकडेला थांबायची. गॅरेजमधल्या पोराला तोंडाने नळीतून डिझेल ओढावं लागायचं. त्याच्या घशात गेलेला घोट आमच्या आठवणीत येत नाही. आम्ही कडेला चहा पीत होतो, म्हणून आम्हाला ते दिवस गोड वाटतात. त्या पोराने हा लेख लिहिला असता तर तो याहून बराच छोटा झाला असता.

गंमत अशी की नव्या काळाने जुन्या गाडीला नवी गळतीही दिली. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्यातलं गंधक दशलक्षात १० भागांवर उतरलं. हवेसाठी ते उत्तमच. पण गंधक काढताना डिझेलमधले आणखीही काही घटक घटतात आणि जुन्या डिझेलवर फुगून बसलेले रबरी सील आकसू शकतात. डिझेल सुधारलं आणि म्हातारी पिकअप पाझरायला लागली.

तेव्हा ज्यांच्या दारात अजून अशी गाडी उभी आहे, त्यांना एवढंच सांगणं. साबणावर भागवू नका, लिटर नव्वदच्या पुढे गेलंय. सील आणि पाईप बदला, तांब्याचा वॉशर नवा टाका, डिझेल तोंडाने ओढू नका, कुणाला ओढायला लावू नका. आणि हवा काढायची वेळ आली की हँडपंप मारायला शेजाऱ्याला हाक मारा. एकट्यानेही जमतं, तरीही हाक मारा.